वाळूतली ऊब

उत्तन
२७ जानेवारी २००८, रविवार

ॲलिशा,

तुझा पत्ता मला पप्पांच्या शर्टाच्या खिशात सापडला. शर्ट भिजवण्याआधी खिसे बघायची माझी सवय तुला माहीत आहे आणि खिशात वस्तू विसरायची त्यांची. जेट्टीवर जाऊन ते तुला फोन करतात हे मला कळत नाही, असं त्यांना वाटतं. वाटू दे. तुझ्याशी बोलले त्या दिवशी ते जेवताना एक बांगडा जास्त घेतात.

तुला दिवस गेलेत तेही मला असंच कळलं. परवा जेवता जेवता त्यांनी अगदी सहज विचारलं, "ज्यूलू, बाईला सातव्या महिन्यात विमानात बसू देतात का गं?" भाईंदरच्या मॅटर्निटी होममध्ये मी अख्खी नोकरी काढली. असला प्रश्न कोणी सहज विचारत नाही, हे मला कळतं.

तेव्हा नीट ऐक. मी सगळं ठरवलंय. एप्रिल लागायच्या आत तू इथे यायचंस. बाळंतपण आपल्या मॅटर्निटी होममध्ये, डॉक्टर मंदा मॅडमच्या हातून. त्यांच्याशी मी बोलले आहे. मी रिटायर झाले तरी तिथे माझा शब्द चालतो. कोपऱ्यातली वारा येणारी खोली तुझ्यासाठी राखून ठेवतील. तुझे रिपोर्ट फॅक्सने पाठव. तूही नर्स आहेस, तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात आहेस, सगळं मान्य. पण स्वतःच्या बाळंतपणात नर्सचा काही उपयोग नसतो. तेव्हा आई लागते.

रोशनबद्दल मी काही लिहिणार नाही. वसईच्या मुलाकडच्यांना मी शब्द दिला होता, हॉलसुद्धा बघून ठेवला होता, आणि तू मला न सांगता राई गावच्या मुलाशी रजिस्टर लग्न करून मस्कतला निघून गेलीस. तो एसी दुरुस्त करतो की आणखी काही, मला घेणंदेणं नाही. झालं ते झालं. मी यावर बोलत नाही.

आता इथली बातमी, कारण सध्या गावात दुसरं काही कोणी बोलतच नाही. शुक्रवारी पहाटे दत्ताराम होडीकडे चालला होता, तो आपल्या दारात येऊन ओरडायला लागला. "बाय, लवकर ये! कासव येऊन गेलंय आन् कुत्री हुंगत हायत!" मी झाडू घेऊनच धावले. ट्रॅक्टरचं चाक फिरावं तसा माग समुद्रातून वर आलेला आणि परत गेलेला. सुकत घातलेल्या बोंबलांच्या बांबूच्या वलांड्या संपतात ना, तिथेच वाळू उकरून परत बुजवलेली. कुत्र्यांना मी हाकललं, जुनी जाळी आणि बांबू आणून कुंपण घातलं आणि खुर्ची टाकून बसले.

दत्तारामच्या ओळखीतून वन खात्यात कळलं आणि दुपारी मीरा रोडहून रसिका नावाची एक मुलगी आली. चष्मा लावते, हळू बोलते. कासवांचा अभ्यास करते, वन खात्याची परवानगी घेऊनच आली होती. मी म्हटलं, "अंडी काढून माझ्या अंगणात नेऊ या. डोळ्यांसमोर राहतील." ती म्हणाली, "नको आंटी, उशीर झालाय. काही तास गेले की आतला जीव कवचाला धरून बसतो. अंडं उलटंसुलटं झालं की गेला."

"म्हणजे कम्प्लीट बेड रेस्ट."

"अगदी तसंच," ती हसली.

तिने घरट्याच्या शेजारी, अंड्यांइतक्याच खोल, एक वायर पुरली. वायरीचं दुसरं टोक एका छोट्या डबीत. आत किती डिग्री आहे ते डबीवर आकड्यात दिसतं. आकडा कसा वाचायचा हे ती मला शिकवायला लागली. मी शिकवू दिलं. मग तिने विचारलं, "रोज बघायला कोण असेल इथे?"

मी म्हटलं, मी. आणखी कोण?

एप्रिल लागायच्या आत. लक्षात ठेव.

मम्मी


उत्तन
१० फेब्रुवारी २००८

ॲलिशा,

तुझं कार्ड मिळालं. "मम्मी, मी येणार नाही. इथलं हॉस्पिटल चांगलं आहे. तब्येतीला जप." पुढच्या बाजूला मशिदीचं चित्र, मागे दोन ओळी. तुझं अक्षर बिघडलंय. नाइट ड्यूटी करतेस वाटतं अजून? बंद कर.

येणार नाही म्हणजे काय? कारण लिहिलेलं नाहीस. चांगलं हॉस्पिटल हे कारण नव्हे. खोली मी सोडलेली नाही.

इथे यंदा कधी नव्हे अशी थंडी पडलीय. पप्पा कानटोपी घालून जाळी विणायला बसतात. होडीवरून आलेल्या पोरांचे ओठ निळे पडलेले असतात. शेजारची नीलम सकाळी बोंबील टांगायला येते तेव्हा आधी शेकोटीवर हात शेकून घेते.

आणि वाळू तर विचारू नकोस. डबीवरचा आकडा सव्वीसच्याही खाली उतरला. सव्वीस! आपल्याकडे कमी वजनाचं बाळ आलं की काचेची पेटी मी बत्तीसच्या वर ठेवायचे आणि वर लोकरीची टोपी. गार पडलेलं बाळ मी हाताने ओळखते. तीन दिवस बघितलं, मग राहवलं नाही. होडीवर टाकायचं काळं प्लॅस्टिक होतं आपल्या माळ्यावर, ते काढलं, घरट्यावर पसरलं, कडेने दगड लावले.

पप्पा म्हणाले, "त्या पोरीला फोन करून विचार तरी."

"तिची परीक्षा आहे. आणि कुडकुडणाऱ्या बाळाला ऊब द्यायला परवानगी कुणाची घ्यायची?"

ते गप्प बसले. तुझे पप्पा गप्प बसले की त्यांना पटलंय असं नाही, हे मला माहीत आहे. पण परिणाम बघ. आकडा चढायला लागलाय. काल अठ्ठावीस, आज एकोणतीस. दुपारी प्लॅस्टिकवर हात ठेवला तर तव्यासारखं गरम. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी माझ्या हातून वाढतंय.

शहाळ्याचं पाणी मिळतं का तिकडे? लोहाच्या गोळ्या दुधाबरोबर घेऊ नकोस. तुला माहीत आहे, तरी सांगते.

मम्मी


उत्तन
२६ फेब्रुवारी २००८

ॲलिशा,

तुझं उत्तर नाही. पप्पांना विचारलं तर म्हणतात, "मला काय माहीत?" आणि रेडिओ मोठा करतात.

परवा रसिका परीक्षा संपवून आली. मी चहा टाकून ठेवला होता. तिला म्हटलं, ये, बघ तुझी बाळं कशी सांभाळलीत. ती कुंपणापाशी गेली आणि उभीच राहिली. मग पिशवी खाली टाकून गुडघ्यांवर बसली आणि दगड बाजूला करायला लागली.

"आंटी, हे कधी घातलंत?"

"थंडी पडली तेव्हा. चांगले पंधरा दिवस झाले. बघ ना, आकडा कसा चढलाय!"

डबीवर तेहतीस होतं. थंडी केव्हाच ओसरली होती, पण प्लॅस्टिक तसंच होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तेहतीस म्हणजे आमच्या काचेच्या पेटीइतकं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. तिने प्लॅस्टिक गुंडाळलं, वाळूवर तळहात ठेवला, मग शेजारी बसवून मला समजावलं. ते मी तुला लिहिते, कारण मला ते नवीन होतं आणि तुलाही असेल.

कासवाच्या अंड्यात मुलगा की मुलगी हे आधी ठरलेलं नसतं. ते वाळू ठरवते. अंडी घातल्यापासून पिल्लं निघेपर्यंतच्या काळाचे तीन भाग केले, तर मधल्या भागात घरटं किती गरम होतं त्यावर सगळं. एकोणतीस-तीसच्या आसपास राहिलं तर दोन्ही होतात. त्याहून गार राहिलं तर नर जास्त, गरम राहिलं तर माद्या. "म्हणजे थंडीने काही बिघडत नव्हतं," मी विचारलं. "नाही आंटी. पिल्लं उशिरा निघाली असती, आणि नर जास्त झाले असते. नर तर आम्हाला हवेतच. हल्ली बरीच घरटी गरम निघतात." मग म्हणाली, "तेहतीस-चौतीसच्या वर जास्त दिवस गेले तर मुलगा-मुलगी काहीच उरत नाही. आतच मरतात. आणि अंड्यांना श्वास लागतो. वाळूतूनच हवा जाते त्यांना. प्लॅस्टिकने ती अडते."

मी म्हटलं, "उघडून बघू या."

"नाही. हात लावायचा नाही."

"मग जिवंत आहेत की नाही हे कळणार कसं?"

"नाही कळणार. थांबायचं."

ॲलिशा, माझ्या वॉर्डमध्ये मी कुठल्याही बाळाला असं कधी सोडलं नाही. ठोके मोजता येतात, रंग बघता येतो, तळव्यावर टिचकी मारता येते. इथे वर वाळू आणि खाली काय, ते देवाला माहीत. मी पोरीला म्हटलं, "थंडीत उघडं टाकणं मला जमत नाही. माझ्या हाताला ती सवयच नाही." ती म्हणाली, "मला माहीत आहे. म्हणूनच मी तुम्हाला आधी सांगून जायला हवं होतं." चूक तिने स्वतःकडे घेतली. मी तिला घेऊ दिली नाही.

नीलम बोंबील उलटत सगळं ऐकत होती. तिला तिन्ही मुलीच. ती म्हणाली, "बाय, म्हणजे ऊन लागलं की पोरी व्हतात? जरा आमच्या सासूला येऊन सांग, माझा काय दोष न्हाय!" वलांडीखालच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर नाही हसले.

तू कशी आहेस तेवढं लिही. एक ओळ चालेल.

मम्मी


उत्तन
११ मार्च २००८

ॲलिशा,

रोशनचा फोन आला होता. "तिला सांगू नका" असं तो म्हणाला. मी सांगते आहे, कारण या घरात मी सोडून सगळे एकमेकांपासून काहीतरी लपवत असतात आणि मला त्याचा कंटाळा आलाय. त्याच्यावर रागावू नकोस. घाबरलेला होता तो. मला आई म्हणाला, तेही पहिल्यांदाच, आणि म्हटल्यावर स्वतःच अडखळला.

तुला रक्तस्राव झाला, दोन दिवस ॲडमिट होतीस, आता घरी आलीस, बाळाचे ठोके चांगले आहेत, विश्रांती सांगितलीय, विमानप्रवास बंद. सगळं त्याने नीट सांगितलं. प्लासेंटा कुठे आहे ते विचारलं, तेही त्याला माहीत होतं. रिपोर्ट वाचून दाखवला. मुलगा लक्ष देऊन ऐकणारा आहे.

मी म्हटलं, "मी येते. उद्याच तिकीट काढते. मला आधी का नाही कळवलं?"

मी दोनदा हॅलो म्हटलं. मग तो म्हणाला, "आई, मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, मम्मीला कळलं तर मम्मी लगेच येईल. आणि मम्मी आली की मी पेशंट होते."

मी म्हटलं, "बरं." आणि फोन ठेवला.

भर दुपार होती. मी डोक्यावर टॉवेल घेऊन किनाऱ्यावर गेले आणि कुंपणापाशी बसले. तुझ्यावर रागावले होते. पेशंट होते म्हणजे? आईने काळजी घेतली म्हणजे माणूस आजारी होतं का? तुझ्या न्यूमोनियात मी चार रात्री उभी होते. तुझ्या परीक्षांना, तुझ्या पहिल्या इंजेक्शनला, तुझ्या ॲडमिशनला मी होते. यातलं काय चुकलं ते मला अजूनही कळत नाही आणि मी कळल्यासारखं दाखवणार नाही. पण वाक्य काही डोक्यातून जाईना.

तेवढ्यात डबीकडे लक्ष गेलं. तेहतीसच्या वर. प्लॅस्टिक नव्हतं आता, नुसतं मार्चचं ऊन. वाळूवर अनवाणी पाऊल टेकत नव्हतं.

मी रसिकाला फोन लावला. एरवी मी तिला सांगितलं असतं, मी असं असं करते आहे. त्या दिवशी मी विचारलं, "मी काय करू?"

ती म्हणाली, "सावली करा आंटी. आता मुलगा-मुलगी ठरून गेलंय, आता फक्त जगवायचंय. पण पूर्ण झाकू नका."

कशी करायची ते मात्र मला रोशनने सांगितलं. हो, मीच त्याला परत फोन केला. तुझं विचारलं, तू झोपली होतीस, मग म्हटलं, तू गारव्याचं काम करतोस ना, मग सांग. तो खूश झाला. म्हणाला, "आई, झावळ्या वाळूला टेकवू नका. कमरेइतक्या उंच ठेवा, चारी बाजू मोकळ्या सोडा. मधून वारा खेळला पाहिजे, नाहीतर तीच भट्टी होईल."

पप्पांनी बांबू रोवले, दत्तारामने आपल्या माडाच्या झावळ्या दिल्या. देताना कुरकुरला, "माझ्या पोरांना एवढा मांडव घातला न्हाय कुणी!" पण वरच्या गाठी त्यानेच मारल्या, आपल्या पप्पांच्या गाठींवर त्याचा विश्वास नाही. दोन दिवसांत आकडा बत्तीसच्या खाली आला. तिथेच आहे.

तिकीट मी काढलेलं नाही.

डाव्या कुशीवर झोप. एवढंच.

मम्मी


उत्तन
२७ मार्च २००८

ॲलिशा,

पिल्लं निघाली.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. आदल्या संध्याकाळीच घरट्यावरची वाळू मधोमध खचली होती, बशीसारखी. रसिका म्हणाली, आत अंडी फुटली की असं होतं, आता निघतील. ती आपल्याकडेच राहिली, तुझ्या खोलीत. उजाडायच्या बेताला ती आणि मी झावळ्या काढायला गेलो, तर बशीच्या मधोमध एक काळं नाक. बस, एवढंच. मग शेजारी दुसरं. मग वाळू उकळी फुटल्यासारखी हलायला लागली आणि सगळी एकदम वर आली, एकमेकांच्या पाठीवर पाय देत. तळहाताएवढीसुद्धा नाहीत गं. काळपट, ओली दिसणारी, आणि घाई तर इतकी, जणू ती कुठून आली आहेत आणि कुठे जायचंय हे त्यांनाच माहीत आहे, आणि मध्ये आम्ही उभे आहोत हीच तेवढी अडचण.

पप्पा, दत्ताराम, नीलम आणि तिच्या मुली, सगळे दोन्ही बाजूंना उभे राहिले, कुत्री आणि कावळे येऊ नयेत म्हणून. दत्तारामने टोपी काढून हातात घेतली होती, का ते मी विचारलं नाही.

पहिली लाट लागली की पिल्लू मागे फेकलं जायचं, उलटं व्हायचं, परत सरळ व्हायचं, परत निघायचं. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेला दिसेनासं व्हायचं.

सगळ्यांत शेवटी एक राहिलं. दुबळं होतं. दोन पावलं टाकायचं, थांबायचं, मान टाकायचं. पुढचा एक पाय नीट उचलत नव्हतं. मी असली बाळं खूप बघितलीत. माझा हात पुढे गेला. पाणी किती लांब होतं? आपल्या ओट्यापासून विहिरीइतकं. उचललं असतं आणि ठेवलं असतं, संपलं असतं.

रसिका माझ्या हाताकडे बघत होती. मीच विचारलं, "उचलू?"

"चालत गेलेलं बरं असतं आंटी. पायांत बळ त्यानेच येतं. म्हणतात, किनारा त्यांच्या लक्षात राहतो तोही असाच." मग म्हणाली, "पण तुम्ही उचललंत तर मी काही म्हणणार नाही."

मी दोन्ही हात मागे बांधले. ॲलिशा, माझ्या आयुष्यात मी इतकं अवघड काम केलेलं नाही. तू हसशील. मी त्याच्याबरोबर चालले, एका बाजूने, सावली पडणार नाही असं. ते थांबलं की थांबले. एकदा ते इतका वेळ पडून राहिलं की नीलमची मधली रडायला लागली. सूर्य वर आला. मग ते उठलं, वाकडं वाकडं गेलं, आणि लाट आली. मागे फेकलं नाही त्याला. सरळ घेऊन गेली. मी बराच वेळ पाण्याकडे बघत उभी राहिले, पण ते परत काही दिसलं नाही. पुढे त्याचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही.

आता तुला सगळं सांगायचं तर पुढचंही सांगायला हवं. काल रसिकाने घरटं उकरलं. नियमच आहे तसा. बरीचशी अंडी रिकामी होती, म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त पिल्लं समुद्रात गेली. पण काही फुटलीच नव्हती, आणि काहींत पूर्ण वाढलेली पिल्लं होती. डोळे, नखं, सगळं. मेलेली. मी ती हातात घेतली. तिने ती बाटल्यांत भरली, कारण नर की मादी हे वरून दिसत नाही, आतून तपासावं लागतं.

मी तिला सरळ विचारलं, "माझ्या प्लॅस्टिकमुळे?"

तिने बाटलीचं झाकण लावलं, मग म्हणाली, "प्रत्येक घरट्यात काही जातातच आंटी. तुमच्यामुळे गेली असं मी नाही म्हणणार. नाही गेली असंही नाही म्हणता येणार. आणि तुम्ही नसता तर पहिल्याच दिवशी कुत्र्यांनी सगळी खाल्ली असती, हेही तितकंच खरं."

हे उत्तर मला आवडलं. तिने माझी समजूत घातली नाही. माझ्या हाताखाली असती तर उत्तम नर्स झाली असती.

ॲलिशा, मी कोणाला काही विचारत नाही, सांगते, असं तू म्हणायचीस. खरं आहे. वॉर्डमध्ये विचारत बसलं तर बाळ जातं. मी तशीच आहे आणि त्याने पुष्कळ बाळं वाचली आहेत, म्हणून त्याची लाज मला वाटत नाही. पण आज मी विचारते आहे.

मी येऊ का?

ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर येणार नाही, पप्पांकडून निरोप पाठवणार नाही, रोशनला फोन करून त्रास देणार नाही. नंतर ये म्हणालीस तर नंतर येईन. कोपऱ्यातली खोली मी आज सोडली. मंदा मॅडमना सांगितलं, माझी मुलगी तिकडेच बाळंत होणार आहे, तिथलं हॉस्पिटल चांगलं आहे.

मम्मी


उत्तन
४ मे २००८

ॲलिशा,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. इतकं मोठं पत्र तू मला आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलंस. पप्पांनी ते दोनदा मागितलं, मी दिलं नाही, वाचून दाखवलं. एक पान सोडून. ते तुझं माझं आहे.

तुझ्या अटी मी वाचल्या. डॉक्टर तुझी. औषधं तुझ्या डॉक्टरची. बाळाला पहिली अंघोळ रोशनची आई घालणार, कारण ती आधी विचारून बसलीय. ती आणि मी एकाच विमानाने येणार आणि तिथे एकाच खोलीत राहणार. मी लेबर रूमच्या बाहेर बसणार आणि बोलावल्याशिवाय आत येणार नाही. सगळं मान्य.

म्हणून काल मी राईला जाऊन आले. तुमच्या लग्नानंतर दीड वर्षात पहिल्यांदा. तुझ्या सासूने मला ओट्यावर बसवलं आणि पाणी दिलं. मग ती म्हणाली, "बाय, इमानात मला भ्या वाटतं. तुमी खिडकीकडं बसाल?" मी म्हटलं, बसेन. तिथून पुढे आम्ही संध्याकाळपर्यंत बोललो. काय, ते सांगणार नाही. रोशन लहानपणी कसा होता ते बरंच कळलं.

रसिकाचा तपासणीचा निकाल आला. मेलेल्या पिल्लांत माद्या जास्त, पण नरही होते. दोन्ही होते, ॲलिशा. गेलेल्या सगळ्यांचं तेच असेल असं सांगता येत नाही, असं ती म्हणाली, पण समुद्रात दोन्ही गेली असावीत असा तिचा अंदाज आहे. पुढच्या हंगामात किनाऱ्यावर दोन जागी वायरी पुरायच्या, एक उघड्यावर, एक सुरूच्या झाडांखाली, म्हणजे सावलीचा फरक कळेल. वन खात्याला तिने अर्ज दिलाय. देखरेखीला माझं नाव घातलंय, मला विचारून.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की रात्री बाळ हललं नाही तर तुला भीती वाटते, आणि इतक्या बायकांना धीर देऊनही स्वतःला देता येत नाही. मी त्यावर लगेच तीन पानं लिहिली होती. काय खायचं, कसं झोपायचं, किती वेळ मोजायचं. ती पानं मी फाडली. ते सगळं तुला येतं. मी एवढंच लिहिते की तू पोटात होतीस तेव्हा मलाही तशीच भीती वाटायची. मी नर्स होते तेव्हाही. कोणाला सांगितलं नव्हतं.

आमचं विमान बावीस तारखेला, गुरुवारी दुपारी उतरतं. तू विमानतळावर येऊ नकोस, उन्हात उभं राहायचं नाही, आणि रोशनला सांग की गाडी...

बघ. परत सुरू झालं माझं.

तुला वाटलं तर ये. मी दारातून बाहेर येईन आणि तू कुठे उभी आहेस ते शोधेन.

मम्मी